खळ्यावरचा वाटा : ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा दोहोंतही आहे. आत्रे यांनी अलुत्याबलुत्यांचे हक्क आणि कामे बारकाईने नोंदविली. कुणब्यावर पडणारा भारही दाखविला. त्या नोंदींचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु त्यांची दृष्टी देणाऱ्याच्या बाजूची आहे. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय होती काय, हा प्रश्न तेथे मागेच राहतो.

पवारांचे लेखन नेमके तेथून सुरू होते. मर्तिकाचा सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे; कामाला घटका नाही की प्रहर नाही. वाटा मात्र हक्काचा असूनही भीक मागावी तसा घ्यायचा. या नात्याने माणसात मुरविलेली लाचारी पवार स्वतःच्या बाबतीतही लपवीत नाहीत. हेच या आत्मकथनाचे सामर्थ्य होय.

समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाव यांनी १९६४ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ज्याला परतफेड करता येत नाही आणि दुसरे दारही ठोठावता येत नाही, त्याच्यापाशी देण्याजोगी एकच गोष्ट उरते : आज्ञापालन. गाव त्यालाच निष्ठा म्हणत आले.

आपल्या जालना जिल्ह्यात बलुते सरले, पण हे नाते सरले नाही. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हंगामात उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम. मजुरी आधी हाती पडते आणि मोकळीक तेवढी गहाण राहते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा धनी याच्या उलट वागतो. तो संध्याकाळीच सर्वांची मजुरी चुकती करतो. त्याच्या औदार्याची चर्चा आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकही मजूर त्याचा ऋणी नसतो, इकडे आपले लक्ष जात नाही.

धर्मग्रामातून आपणही धान्य, फी, औषधपाणी देतो. घेणारा उद्या आपल्याला ‘नाही’ म्हणू शकेल काय? ‘बलुतं’ मिटल्यावर हा प्रश्न मनात राहिला, तर ते वाचन सार्थकी लागले.