बालगंधर्व आणि सिद्धेश्वरी : पडद्यावरची दोन चरित्रं

आज आपण दोन चित्रपट घेणार आहोत. पहिला रवी जाधव यांचा २०११चा 'बालगंधर्व'. ठाणे-डोंबिवलीत तो न पाहिलेलं घर शोधावंच लागेल. सुबोध भावे यांचा अभिनय, आनंद भाटे यांचा आवाज. दोन्ही उत्तम, त्याबद्दल वाद नाही. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली, तरी नारायणराव भामिनी म्हणून उभे राहिले. तिथे आपण रडतो. पण त्या रात्रीच्या गाण्याचं काय झालं? सूर हलला का? चित्रपट तिथे रेंगाळत नाही, तो पुढच्या प्रसंगाकडे जातो.

दुसरा, मणी कौल यांचा 'सिद्धेश्वरी', १९८९. निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. हे नाव ऐकलं की आपल्याला मुख्य चित्रपटाआधीचा तो घनगंभीर निवेदक आठवतो! (हशा) इथे तसं काही नाही. विषय आहे बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरीदेवी. जन्म, तालीम, सत्कार अशी रांग नाही. ठुमरीत बोल-बनाव करताना एकच शब्द वेगवेगळ्या भावानं पुन्हा पुन्हा येतो ना, तसं बालपण येतं, घाट येतात, नदी येते. कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकलेले, ते उगाच नाही.

मीता वशिष्ठ यात सिद्धेश्वरी होतात, आणि शेवटाकडे त्याच खऱ्या सिद्धेश्वरीदेवींचं गातानाचं जुनं चित्रण बघतात. नटी आणि गायिका यांच्यातलं अंतर दिग्दर्शक झाकत नाही.

आता गंमत बघा. बालगंधर्वांची कलाच मुळी या अंतरावर उभी होती. शालू नेसलेला पुरुष समोर आहे हे प्रेक्षागृहात प्रत्येकाला ठाऊक होतं. आनंद त्या ठाऊक असण्यासकट होता. त्यांच्यावरचा चित्रपट मात्र 'हुबेहूब' होण्यात सगळी ताकद लावतो, आणि आपणही 'अगदी तसेच दिसतात हो' म्हणून टाळ्या देतो.

कौलांविषयी आमची तक्रार आहेच. गाणाऱ्या बाईचं पोट कसं चालत होतं, समाज तिला कुठे बसवत होता, हे धूसर राहतं. कल्याण गायन समाजात आयुष्यभर मैफली ऐकलेला श्रोताही अर्ध्या तासात चुळबुळ करील.

मग बालगंधर्वांवर वेगळा चित्रपट कसा काढायचा, असं कुणी विचारील. सुरुवात त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेपासून करता आली असती. खरखर तशीच ऐकू द्यायची. नट समोर बसून ऐकतोय, त्यानं अजून शालू नेसलेला नाही.