मधला तुकडा कोणाचा? टर्बिनियाच्या जीर्णोद्धाराबद्दल

गेल्या वर्षी कॉन्फरन्सच्या निमित्ताने न्यूकॅसलला गेले, तेव्हा शेवटच्या दिवशीचं जेवण बुडवून डिस्कव्हरी म्युझियममध्ये पळाले. कारण एकच: टर्बिनिया. कॅव्हिटेशनवर पीएचडी करणाऱ्या माणसाने न्यूकॅसलला जाऊन टर्बिनिया न पाहता परत येणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहता येणं.

बोट बघितल्यावर आधी वाटतं की ही तरंगते तरी कशी. लांबी साधारण 31.6 मीटर आणि रुंदी जेमतेम 2.7 मीटर. एखादी पेन्सिल पाण्यात टाकावी तशी. आजच्या वेगवान मोटर यॉटची ही पणजी म्हणायला हरकत नाही, फक्त ही वाफेवर चालायची. 1894 मध्ये चार्ल्स पार्सन्सने आपलं नवं स्टीम टर्बाइन जहाजाला लावता येतं हे दाखवायला ती बांधून घेतली. 26 जून 1897 ला, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या नौदल संचलनात, स्पिटहेडला, ती युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट निघाली आणि पाठलागाला आलेल्या बोटींना हातावर तुरी देऊन गेली. तिचा वेग 34 नॉटच्या वर, म्हणजे ताशी 63-64 किलोमीटर. त्या वेळी पाण्यावर इतकं वेगाने दुसरं काही चालत नव्हतं. साधारण दहा वर्षांत ड्रेडनॉट आणि मॉरेटानिया टर्बाइनवर धावू लागल्या.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. माझी पहिली तक्रार तिच्याबद्दलच आहे, कारण तिच्यात टर्बिनिया जिंकूनच जन्माला आल्यासारखी वाटते. खरं तर ती आधी सपशेल आपटली होती. पहिल्या रूपात एक टर्बाइन, एक दांडा, त्यावर पंखा. इंजिनात दम होता, पण बोट 20 नॉटच्या पुढे जाईना. पंखा गरागरा फिरतोय आणि पाणी ढकललंच जात नाही!

इथे थोडं विज्ञान, घाबरू नका. डोंगरावर पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं, कारण हवेचा दाब कमी असतो. दाब आणखी खूप कमी केला तर पाणी थंडगार असतानाही उकळतं. पंख्याचं पातं वेगाने फिरतं तेव्हा त्याच्या एका बाजूला दाब असाच कोसळतो, आणि तिथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात. मग पातं पाण्याऐवजी वाफेत फिरू लागतं. हेच कॅव्हिटेशन. (शेतातला पंप 'हवा धरतो' ते वेगळं. तिथे बाहेरची हवा आत शिरते, इथे पाणीच वाफ होतं.) आणि ते बुडबुडे पुन्हा जास्त दाबाच्या जागी गेले की फुटतात, इतक्या जोरात की धातूला खड्डे पडतात. माझा अख्खा प्रबंध या खड्ड्यांवर आहे, त्यामुळे इथे थांबते, नाहीतर संध्याकाळ होईल.

पार्सन्सने 1895 मध्ये यासाठी तांब्याची एक छोटी बंद टाकी बनवली. आत दोन इंचांचा पंखा, बघायला खिडकी, आणि पंखा एका जागी थांबल्यासारखा दिसावा म्हणून ठरावीक तालात पडणारा उजेड. पाणी उकळत्या बिंदूच्या जवळ तापवलं की कमी फेऱ्यांतही बुडबुडे दिसायचे. माझ्या मते ही टाकी स्पिटहेडच्या शर्यतीपेक्षा मोठी आहे. मग त्याने एकाच्या जागी तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे, एकूण नऊ. ताकद जास्त पात्यांवर वाटली गेली, प्रत्येक पात्यावरचा दाबाचा फरक कमी झाला, आणि बोट सुटली.

आता तिच्या नशिबाबद्दल. 1907 च्या जानेवारीत टाइन नदीच्या पलीकडच्या काठावरून पाण्यात सोडलेलं एक जहाज थेट तिच्यावर आलं आणि ती जवळजवळ दुभंगली. दुरुस्त केली. पुढच्या वर्षी पाण्याबाहेर काढली ती कायमचीच. 1926 मध्ये कंपनीने ती लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊ केली. म्युझियमकडे अख्ख्या बोटीला जागा नव्हती. म्हणून ती कापली. हो, कापली! इंजिनासकट मागचा भाग लंडनला गेला. पुढचा भाग मागे राहिला आणि 1944 मध्ये न्यूकॅसलच्या नगरपालिकेला मिळाला. त्यांनी तो एक्झिबिशन पार्कमध्ये ठेवला. 1959 मध्ये लंडनने आपला भाग प्रदर्शनातून काढला, आणि 1961 पर्यंत दोन्ही भाग न्यूकॅसलमध्ये एकत्र आले. मधला भाग नव्याने बांधून. 1983 मध्ये पुन्हा संपूर्ण बांधणी झाली, आणि 1994 मध्ये, शंभराव्या वर्षी, बोट आजच्या जागी आली.

1926 च्या त्या निर्णयावर हसणं सोपं आहे, पण मला त्याचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. कापणाऱ्यांनी ठरवून टाकलं की टर्बिनिया म्हणजे तिचं इंजिन. बाकी नुसता पत्रा. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. जहाजाचा वेग आणि लांबी यांचं एक गुणोत्तर असतं, फ्राउड आकडा. साधारण 0.5 च्या आसपास बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीत अडकते. टर्बिनियाचे आकडे घालून बघा: 34 नॉट, 31.6 मीटर. उत्तर येतं जवळपास 1. ती चढण ती ओलांडून गेली, आणि ते जमलं त्या पेन्सिलीसारख्या अंगामुळे. त्या अंगाशिवाय ते टर्बाइन म्हणजे नुसतं विजेच्या कारखान्यातलं यंत्र. बोटीची लांबी हाच प्रयोगाचा अर्धा भाग होता आणि नेमकी तीच त्यांनी कापली.

जोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी प्रयोग परत अख्खा केला. पण एक गोष्ट खटकली. मी बोटीच्या कडेने दोनदा चालले, नवा भाग कुठे सुरू होतो ते शोधत. मला नुसत्या डोळ्यांनी सांधा सापडला नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेत वास्तूंसाठी एक शहाणं तत्त्व आहे: नवा भाग जुन्यात मिसळावा, पण ओळखू यावा. बोटीलाही ते लागू करायला काय हरकत आहे? एक बारीक रेघ चालली असती. त्या रेघेत 1926 सालही दिसलं असतं.

याच्या अगदी उलट टोकाला ब्लूबर्ड के-7. डोनाल्ड कॅम्पबेलची जेट बोट, 1955 ते 1964 मध्ये वेगाचे सात विक्रम, शेवटचा ताशी 276.33 मैलांचा. 4 जानेवारी 1967 ला कॉनिस्टन तलावावर ती उलटली आणि कॅम्पबेल गेला. 2001 मध्ये बिल स्मिथ यांच्या चमूने ती वर काढली. 2006 मध्ये कुटुंबाने ती कॉनिस्टनच्या रस्किन म्युझियमला दिली. स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून ती उभी केली. फुटून गेलेला पुढचा भाग नवा बांधला, त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवलं, आणि ऑगस्ट 2018 मध्ये स्कॉटलंडच्या लॉक फॅडवर ती खरोखर धावली. मग भांडण. म्युझियम म्हणे बोट आमची. चमू म्हणे आम्ही बांधलेला भाग आमचा. ती कॉनिस्टनला परतली थेट मार्च 2024 मध्ये.

त्या धावेचे व्हिडिओ बघताना माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल. पण संशोधक म्हणून विचारलं तर त्यातून नवं काय कळलं? अपघाताच्या प्रश्नाबद्दल काहीच नाही. बोट उलटली ती ताशी 300 मैलांच्या आसपास, आणि त्या वेगाच्या निम्म्यावर हवेचे बल चौथाईवर येतात. उलट 34 वर्षं पाण्याखाली राहिलेल्या धातूवर त्या अपघाताच्या खुणा होत्या. दुरुस्ती म्हणजे त्या खुणांवर हात फिरवणं. तरी स्वयंसेवकांचा हक्काचा दावा मला अगदीच वेडगळ वाटत नाही. ज्याने पत्रा ठोकला त्याला तो आपला वाटणारच. चूक एवढीच, की कोणता भाग कोणाचा आणि बोट चालवायची की नुसती ठेवायची हे हातोडा उचलण्याआधी पक्कं व्हायला हवं होतं.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय? आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी वॉटर टनेल आहे. माझ्या गाइडच्या गाइडने उभी केलेली. खिडकीची काच पिवळी पडलीय, पंप बदललाय, एक कोपरा गंजून गेला तेव्हा वर्कशॉपच्या काकांनी नवा वेल्ड करून दिला. आता तिथे सर्व्हर ठेवायचे आहेत. विभागाने मला अर्धं पान मागितलंय: काय ठेवावं, काय भंगारात द्यावं. बहुतेकांचं मत आहे की पंखा आणि खिडकी कपाटात ठेवू, पाइप देऊन टाकू. म्हणजे पुन्हा 1926.

मी लिहून दिलं आहे की पाइपाची लांबी आणि वळणं हाच प्रयोग आहे. अख्खी ठेवता येत नसेल तर कापण्याआधी सगळी मापं घ्या. काकांनी घातलेल्या वेल्डला रंग लावू नका. आणि खालच्या बाजूच्या पात्यावरचे खड्डे घासून गुळगुळीत करू नका, ते माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहेत. बैठक सोमवारी आहे.