नव्याण्णव फुगे आणि एक विशेषण

पश्चिम बर्लिनच्या 'नेना' या वाद्यवृंदास इंग्रजी जगतात एकाच गीताचे धनी समजतात. जर्मनीत त्यांची इतर गीतेही गाजली होती. तेव्हा हा हिशेब परक्यांच्या वहीतला. ते एक गीत, १९८३ सालचे '९९ लुफ्टबालोन्स', मात्र खरोखर विचार करण्याजोगे आहे.

१९८२ साली पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सच्या जलशात सोडलेले फुगे पाहून गिटारवादक कार्लो कार्गेस यांस त्याची कल्पना सुचली. फुगे क्षितिजाकडे निघतात, सेनापतीस त्यांचा संशय येतो, विमाने झेपावतात, युद्धमंत्री सरसावतात आणि जग बेचिराख होते. (संशय मेजागणिक कसा फुगत जातो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.)

मूळ गीतात हे फुगे कोणाचेच नाहीत. त्यांना रंगही नाही. इंग्रजी रूपांतराने ते तांबडे केले आणि खेळण्यांच्या दुकानातून विकत आणविले. विशेषणाने ओळ भरली, अर्थ मात्र अरुंद झाला. वाऱ्यावर निघालेली वस्तू आता कोणाची तरी आगळीक ठरते. १९८४ साली हे रूपांतर ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले, तरी खुद्द वाद्यवृंदास ते रुचले नाही. आम्हांसही रुचत नाही.

अमेरिकेने मात्र त्याच वर्षी मूळ जर्मन गीतच दुसऱ्या क्रमांकावर नेले. बहुतेक श्रोत्यांस शब्द कळत नव्हते. परप्रांतात मराठी जपणाऱ्या आम्हांस हे विशेष सुखावते. अखेरीस धावता ठेका थांबतो, सिंथेसायझरचे सूर मंदावतात, आणि भग्नावशेषांत सापडलेला एक फुगा गायिका सोडून देते.