दिवाळी अंकातील पोरके मूल

दिवाळी अंकात एक कथा ठरलेली असते. अभ्यंगाची पहाट, दारात कुडकुडणारे पोरके पोर आणि घरात मूल नसलेले जोडपे. दुसऱ्या पानावर पोराला उटणे लागते, तिसऱ्यावर नवा सदरा मिळतो आणि चौथ्यावर ते घरच्या बाईंना ‘आई’ म्हणते. आपण डोळे पुसून चकलीच्या ताटलीकडे वळतो. अशी एक कथा मीही लिहिली आहे. तेव्हा ही तक्रार प्रथम माझ्याविरुद्धच आहे.

या कथेत भूक असते, थंडी असते. नसते ते त्या मुलाचे मन. दार उघडणाऱ्याचा चांगुलपणा उजळून दिसावा म्हणून त्याला पणतीसारखे उंबऱ्यावर ठेवलेले असते.

1954 साली आलेला राज कपूर यांचा ‘बूट पॉलिश’ हा चित्रपट या मानाने कितीतरी सरस. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडे. काकू त्यांना भीक मागावयास लावते. त्यांना मात्र बुटांना पॉलिश करून स्वाभिमानाने जगावयाचे असते. येथे मुलांना स्वतःची इच्छा आहे, हट्ट आहे. पुढे त्यांची ताटातूट होते, आगगाडीत भेटलेले सधन जोडपे बेलूला मुलगी म्हणून घरी नेते आणि भोला मागे उपाशी राहतो. चित्रपट खरा उंच जातो तो येथे. एकाला घर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे काय, हा प्रश्न आमच्या कथांना सुचतच नाही. शेवटी स्टेशनावर भेट घडवून भोलालाही घर दिले आहे. हा शेवट गोड खरा, पण तो योगायोगाचा आहे.

त्या काळचा कायदा तर याहून कठोर होता. जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक सामान्यतः मुलगाच घेतला जाई, आणि तो देण्याचा अधिकार आईबापांचा. ज्याला आईबापच नाहीत त्याला देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच दार बंद! 1956 च्या कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची मोकळीक दिली आणि कोर्टाच्या परवानगीने पालकालाही पोरके मूल दत्तक देता येऊ लागले. बेलूची कथा कायद्याच्या दोन वर्षे आधी पडद्यावर आली होती.

आमच्या भागाला हा प्रश्न पडद्यावर पाहावा लागला नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाट होण्यापूर्वीच किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने हादरला आणि कित्येक मुले एका रात्रीत पोरकी झाली. त्यानंतर आमच्या तुळजापूर तालुक्यातच, नळदुर्गला, पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी अशा मुलांसाठी निवास उभा केला. त्याचे नाव ‘आपलं घर’. समीक्षक या नात्याने मला हे नाव अनेक कथांहून मोलाचे वाटते. त्यात उपकार करणारा कोणी दिसत नाही; बोलणारे मूलच आहे.

हे मला उशिरा कळले. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गाला ‘माझी दिवाळी’ हा निबंध घातला. वसतिगृहातल्या एका मुलाने लिहिले, मामा न्यायला आले, मामींनी ओवाळले, आता ते मला कायमचे ठेवून घेणार आहेत. मी खाली ‘छान’ असा शेरा मारला. मागाहून समजले, की त्याला मामाच नव्हते. मग वही पुन्हा उघडली. शेवटी एक ओळ होती, तिच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. माझी पेटी भरलेली आहे, असे त्याने लिहिले होते.

तुळजापुरात वाटेवरचा यात्रेकरूसुद्धा देवीला ‘आई’ म्हणून हाक मारतो. त्या गर्दीत त्या पोराचा आवाज निराळा ओळखणे, एवढेच लेखकाचे काम. माझ्या जुन्या कथेत सदरा आहे, उटणे आहे, ती पेटी मात्र नाही. ती कथा मी पुन्हा लिहावयास घेतली आहे.