गोरुटीन आणि यंत्रभेद : एक चिकित्सा

एकच आज्ञावली सर्व यंत्रांवर सारखी चालावी, हे संगणकभाषेचे जुने अभिवचन आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गो’ भाषेने ते गोरुटीनांच्या बाबतीतही दिले. ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड जड असतो. गोरुटीन अवघ्या काही किलोबाइटच्या स्टॅकवर सुरू होते, आणि अशी हजारो गोरुटीने मोजक्या थ्रेडांवर वाटून देण्याचे काम रनटाइम करतो. हे अभिवचन कितपत पाळले गेले, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिली अडचण प्रतीक्षेच्या व्यवस्थेत आहे. लिनक्सवरील ईपोल व मॅकवरील केक्यू ‘आता वाचता येईल’ एवढेच सांगतात. विंडोजवरील आयओसीपी ‘वाचून झाले’ असे कळविते. चाळीसगाव स्थानकात धुळ्याच्या गाडीला सिग्नल मिळणे आणि ती धुळ्यास पोहोचल्याचा निरोप येणे, यांत जो भेद तोच हा. दुसऱ्या रीतीत काम पुरे होईपर्यंत वाचनासाठी दिलेली स्मृतिजागा ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वाधीन राहते. नेटवर्कपुरता हा भेद गोने एका पातळ थरात बंदिस्त केला, ही मोठीच कामगिरी होय.

परंतु साध्या फाइलींना ईपोल लागू पडत नाही. फाइल वाचणारे गोरुटीन आपला थ्रेड अडवून ठेवते. आज्ञावलीतील शब्दरचना मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि हे न्यून गंभीर आहे.

फेब्रुवारी २०२० च्या १.१४ आवृत्तीने दीर्घकाळ फिरणारे गोरुटीन मध्येच थांबविण्याची सोय केली. युनिक्सवर त्यासाठी थ्रेडला सिग्नल पाठविला जातो, विंडोजवर थ्रेड स्थगित केला जातो. परिणामी युनिक्सवर सिस्टिम कॉल खंडित झाल्याची त्रुटी अधिक वेळा दिसू लागली. हा परिणाम, तसेच ही सोय नसलेली यंत्रे, प्रकाशन-टिपणात स्पष्ट नमूद आहेत; असा प्रांजळपणा स्तुत्य आहे. त्याचप्रमाणे ऑगस्ट २०२४ च्या १.२३ आवृत्तीचे टिपण सांगते की, विंडोजवरील निद्राकालाची सूक्ष्मता १५.६ मिलिसेकंदांवरून ०.५ वर आली.

यावरून अभ्यासकांनी बोध घ्यावा. प्रयोगशाळेतील विंडोज यंत्रावर जुन्या आवृत्तीने मोजलेला विलंब प्रबंधात गोरुटीनांचा दोष म्हणून नोंदला गेला, तर निष्कर्षच खोटा ठरेल. आमच्या मते, रनटाइमने लपविलेल्या भेदांपेक्षा त्याने कबूल केलेले भेद अधिक मोलाचे आहेत. म्हणून कालमापनाच्या प्रत्येक कोष्टकाशेजारी ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर व भाषेची आवृत्ती यांची नोंद अनिवार्य मानावी.