ह्यूमची तळटीप

डेव्हिड ह्यूम मी रात्रपाळ्यांच्या महिन्यांत वाचला. सूतगिरणीत रिंगखात्यात आठ तास धागे सांधायचे आणि सकाळी खोलीवर डिक्शनरी घेऊन बसायचं. दोन पानांना आठवडा जायचा. तरी सोडवेना.

तो म्हणतो, एकामागून दुसरं येतं एवढंच आपण बघतो. पहिल्यानं दुसरं घडवलं, हे डोळ्याला कधीच दिसत नाही. पुन्हापुन्हा बघून मनाला सवय लागते आणि आपण कारण सापडलं म्हणतो. हे वाचलं नि आजी आठवली. तिचा हात लागला की पाटलीण भांड्यावर पाणी शिंपडायची. शिवणं दिसलं, शिंपडणं दिसलं. मधला विटाळ कुणी बघितला? पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, दुसरं काय.

१७४८ साली त्यानं चमत्कारांचे साक्षीदार तपासायला घेतले. त्याआधी १७४५ ला एडिंबरोची प्राध्यापकी हुकली होती, नास्तिक म्हणून ओरड झाली होती. धर्मावरचे संवाद तर तो मेल्यावर, १७७९ ला निघाले. असा माणूस आपला वाटणारच.

आणि मग ती तळटीप. राष्ट्रांच्या स्वभावावरच्या निबंधाला त्यानं ती १७५३ ला जोडली. काळी माणसं निसर्गतःच गोऱ्यांहून कमी असावीत, असा त्याला संशय! जमैकात फ्रान्सिस विल्यम्स नावाचा काळा माणूस लॅटिनमध्ये कविता करत होता. ह्यूम त्याचं नावही घेत नाही. पोपट चार शब्द स्पष्ट बोलतो तसलं कौतुक असेल, म्हणून उडवून लावतो. चमत्काराला पुरावा मागणारा हा गृहस्थ जमैकात कधी गेला नाही, आफ्रिकेत गेला नाही. इथं ऐकीव साक्ष चालली.

'त्या काळचा माणूस' म्हणून सोडून द्या, असं शिकलेले मित्र सांगतात. पण त्याच काळात, १७७० ला, जेम्स बीटीनं विचारलं होतं की आजचे नि मागचे सगळे काळे माहीत असल्याशिवाय हे बोलता कसं? बीटी श्रद्धाळू ख्रिस्ती, पण इथं तर्क त्याच्या बाजूला. ह्यूमनं तळटीप बदलली, नाही असं नाही. १७७७ च्या आवृत्तीत बाकीच्या वंशांवरचा शिंतोडा गेला. काळ्यांवरचा राहिला.

जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाम सोडवणाऱ्यांना अर्पण केली. तेव्हापासून काळ्यांचं दुखणं आपल्याला परकं नाही. आणि तो पोपट मला ओळखीचा आहे. एका संमेलनात माझी कविता झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, 'अरे वा, भाषा अगदी शुद्ध आहे हो तुमची.' कवितेत काय होतं त्यावर शब्द नाही. टाळ्या पडल्या. मीही हसलो, साला.

म्हणून ह्यूम टाकायचा? मी टाकणार नाही. गोरा वर आणि काळा खाली, हे रोज बघून त्याच्या मनालाही सवयच लागली होती. त्याचंच अवजार त्याच्या तळटिपीला लावलं की ती उलगडते. एडिंबरो विद्यापीठानं २०२० ला एका इमारतीवरचं त्याचं नाव काढलं. ते त्यांचं ते बघतील. माझ्याजवळचं पुस्तक वाचनालयाचं आहे, परत द्यायचंय. त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं विल्यम्सचं नाव लिहून ठेवलंय.