‘हॉबिट’चे नकाशे आणि काँगचे डोंगर

जुन्या नकाशांची चिन्हं शिकायला टोल्किनच्या ‘द हॉबिट’मधले (१९३७) नकाशे झकास आहेत. थ्रोरच्या नकाशात पूर्व वर, मध्ययुगीन युरोपीय नकाशांसारखी. दुसऱ्यात मर्कवुडचं जंगल चक्क झाडं काढून दाखवलंय. टोपोशीटवरच्या हिरव्या रंगाला सरावलेला डोळा तिथे बरोबर अडखळतो.

पण चिन्हावर संशय घेणं हे नकाशे शिकवूच शकत नाहीत. काल्पनिक प्रदेशात डोंगर काढला की तो असतोच! रेनेलने १७९८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात काँग पर्वतरांग काढली, खऱ्या डोंगरांसारखीच. ती तिथे नव्हती. बिंगेर १८८७–८९ मध्ये प्रत्यक्ष फिरून येईपर्यंत ती नकाशांत उतरत राहिली. म्हणून थ्रोरनंतर लगेच रेनेल उघडा आणि विचारा, हा डोंगर पाहिला कुणी?